तेवढा शेंदूर का काढून देत नाही?

सप्तशृंगीचा शेंदूर उतरवला, त्या २०२२ सालापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात. गावोगावची मंडळं विचारतात, ट्रेकला येणारी पोरं विचारतात, परवा तर लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता एका काकांनी विचारलं, "वणीला जमलं, मग आमच्या लेण्यातल्या देवीचा शेंदूर काढायला तुम्ही का येत नाही? लेण्यांचंच काम करता ना?" मी नाही म्हटलं की पुढचे दोन प्रश्न ठरलेले. तुमची श्रद्धा नाही का? आणि, परवानगीच्या भानगडीला घाबरता का?

श्रद्धा आहे. घरी देव आहेत, लेण्यातल्या पिंडीसमोर आजही आधी हात जोडले जातात, मग वही निघते. परवानगीचं म्हणाल तर १९५८ च्या कायद्याखाली जी लेणी संरक्षित आहेत, तिथे पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय कुणी ब्रश लावू शकत नाही, आणि मला त्याचा आधारच वाटतो. पण तुम्ही ज्या लेण्यांचं विचारता ती बहुतेक कुठल्याच यादीत नाहीत. गावाच्या वर, दोन खांब, आत एक पिंड. तिथे अडवायला कुणी नाही, म्हणूनच मी अडवते.

वणीची देवी अखंड कड्यात कोरलेली, आठ फुटांची, अठरा हातांची. तिचा शेंदूर काढताना दीड महिना मंदिर बंद होतं, जाणकार माणसं थर बघत बघत उतरत होती. तुम्ही मला ते एका रविवारचं काम म्हणून सांगता.

हे झालं तोंडदेखलं उत्तर. खरं कारण मी आजवर नीट कुणाला सांगितलेलं नाही.

१९९६ चा जानेवारी. मी एस.वाय.ला होते. आमच्या कॉलेजचं एनएसएसचं शिबिर एका गावात होतं. गावाचं नाव लिहीत नाही, कॉलेजचंही नाही. डोंगरात छोटं शैव लेणं, आणि बाहेरच्या पडवीत डाव्या हाताला भिंतीत कोरलेली महिषासुरमर्दिनी. गावाच्या लेखी ती आई. शेंदूर इतका चढलेला की हात मोजता येत नव्हते, पायाशी रेडा म्हणजे नुसता एक गोल उंचवटा. मेणाने चिकटवलेले चांदीचे डोळे तेवढे लखलखीत. पाचव्या दिवशी श्रमदान. सरपंचांनी नारळ फोडला. पिंड आणि अंगण मुलांकडे, देवी मुलींकडे, कारण "बायांनीच आंघोळ घालावी." मला ते फार आवडलं होतं.

कोमट पाण्याने शेंदूर हलेना. मग एकीने खुरप्याच्या टोकाने कड उचलली आणि भाकरीएवढा पापुद्रा सुटून तिच्या हातात आला. आतून काळपट, तेलकट. त्यात तांदळाचे दाणे, उदबत्तीची काडी, एका बांगडीचा तुकडा. उलटा करून पाहिला तर आतल्या बाजूला देवीच्या खांद्याचा साचा उमटलेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुपारपर्यंत हात मोजून झाले, आठ भरले. चेहरा माझ्याकडे आला.

चेहऱ्यावरचा शेंदूर निघाला आणि खाली पांढरा थर लागला, अंड्याच्या कवचाइतका पातळ. मला वाटलं, कुणी कधीतरी चुना मारला असेल. उजव्या भुवईच्या जागी त्या पांढऱ्यावर एक काळी रेघ होती. बारीक, बाहेरच्या टोकाला किंचित वर गेलेली. तिच्याखाली तांबूस रंगाची छटा. ही रेघ मी पाहिली. एवढं ठासून सांगते, कारण पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला बजावत होते की मला काही दिसलंच नव्हतं. मी पाहिली, किती सुबक आहे असं मनात आलं, आणि मी तारेचा ब्रश बादलीत बुचकळला. बादलीत फरशी धुवायचं ॲसिड होतं, पाणी घालून पातळ केलेलं. ब्रश टेकवल्याबरोबर थर फसफसला. फेस आला तशी मी आणखी जोराने घासलं, कारण फेस म्हणजे मळ निघतोय असंच वाटलं. दोन-तीन मिनिटं लागली असतील. खाली काळा दगड आला, आणि त्यातले पांढरे ठिपकेही फसफसू लागले.

ॲसिडमध्ये चुना विरघळतो हे मी शाळेच्या प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने केलं होतं. त्यामुळे माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. ठिपक्यांचं मात्र नंतर कळलं. आपल्या काळ्या दगडात लाव्ह्याच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात, त्यांत कॅल्साइट आणि झिओलाइट भरलेलं असतं. ॲसिड त्यालाही खातं. ठिपका गेला की खड्डा राहतो, खड्ड्यात पाणी थांबतं, आणि दगड तिथून भुसभुशीत व्हायला लागतो.

पांढऱ्या थराचं कळायला तीन वर्षं गेली. वेरूळला कैलासासमोर उभी होते. सांगणारे सांगत होते की हा अख्खा डोंगर कोरून झाल्यावर त्यावर चुन्याचा गिलावा होता, रंग होते, लोक याला रंगमहाल म्हणत. मंडपाच्या छताला ते रंग अजून थोडे उरलेत. मान वर करून मी ते पाहिले आणि तिथेच खाली बसले. बरोबरच्यांना वाटलं ऊन लागलं.

आमच्या देवीवरचा गिलावा लेणं खोदणाऱ्यांच्या काळचा होता, की पेशवाईतला, की साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कुणा रंगाऱ्याचा, हे आता कधीच कळणार नाही. ते विचारायला जो पुरावा लागतो, तो मी बादलीत धुतला. घारापुरीला पोर्तुगीजांच्या काळात झालेल्या मोडतोडीवर तुम्ही मला पुन्हा पुन्हा बोलायला सांगता. बोलते मी, चीड मलाही येते. पण त्याची निदान नोंद आहे. आमच्यासारख्यांनी टाळ्या वाजवत जे घालवलं, त्याची नोंद कुठे करायची?

संध्याकाळी गुरवीण आजी दिवा लावायला आल्या. चांदीचे डोळे आम्ही वाटीत जपून ठेवले होते, ते त्यांना दिले. त्यांनी मेणाची गोळी बोटांत मळून मऊ केली, एक डोळा लावला. दगड ओला, डोळा घसरून खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. मग पदराने देवीचा चेहरा पुसून कोरडा केला, तरी राहीना. तेव्हा त्यांनी दोन्ही डोळे पदराच्या टोकात ठेवून गाठ मारली.

"आता कशी बघंल गं ही?" त्या म्हणाल्या.

"आजी, आता खरं रूप दिसतंय आईचं," सर म्हणाले. आजींनी मान हलवली आणि दिवा लावला. पुढच्या वर्षी गावाने देवीला ऑइलपेंट दिला. उघडी बघवत नव्हती म्हणे.

त्या एकोणीस वर्षांच्या मुलीशी मी अजून भांडते, आणि ती दर वेळी हरते असं नाही. ती म्हणते, तेला-शेंदराच्या कवचाखाली ओल अडकते, दगड आतून कुजतो, तू हात बांधून बसलीस म्हणून काय वाचतंय? बरोबर आहे तिचं. भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं, आणि कवच ती वाट बुजवतं. मी म्हणते, मग निदान त्या दिव्याची काजळी तरी थांबवायला हवी. त्यावर तीच मला विचारते, जिथे दिवा थांबला तिथे काय झालं सांग. सांगते: बाटल्या, खांबांवर खिळ्याने कोरलेली नावं, गाभाऱ्यात गुरं. जोगेश्वरीचं सहाव्या शतकातलं लेणं बघा. चहूबाजूंनी वस्ती, भिंतींना झिरपा, कोरीव काम विरघळून गेलेलं, पण आत देवीची पूजा चालू आहे, आणि रोज कुणीतरी आत पाय ठेवतं, झाडतं. ती वर्दळ थांबली तर लेणं जास्त टिकेल की लवकर संपेल, यावर मी दहा वर्षांत तीनदा मत बदललं आहे.

तरीही ब्रश मी हातात घेणार नाही. घ्यायचं तर फावडं घेते. लेण्याच्या डोक्यावर खोदणाऱ्यांनीच पाण्याचे चर काढलेले असतात, डोंगरावरून येणारं पाणी तोंडावर न येता बाजूला जावं म्हणून. ते माती-पाल्याने बुजतात, मग सगळं पाणी मूर्तींच्या अंगावरून वाहतं. मे महिन्यात ते मोकळे करायचे. वर उंबर-पिंपळ रुजले असतील तर हिसका मारून उपटायचे नाहीत, मुळांबरोबर दगडाची ढलपी येते. कोवळे असतानाच छाटत राहायचं. या कामाचे आधीचे-नंतरचे फोटो चांगले येत नाहीत, म्हणून त्याला माणसं मिळत नाहीत.

त्या गावी मी दर मे महिन्यात जाते. कुठल्या नात्याने येते, ते तिथे कुणाला सांगितलेलं नाही. आजी गेल्या, आता सूनबाई दिवा लावतात. यंदा चर काढून खाली उतरले तर त्या देवीसमोर उभ्या होत्या. ऑइलपेंटला गालावर फोड आलेत, नखाने सुटतील असे. कुणीतरी पितळी डोळे लावलेत, एक थोडा वाकडा.

"ताई, ह्यो रंग काढावा का वं? तुमाला कळतं त्यातलं."

मी म्हटलं, आधी वरून येणारं पाणी बंद होतंय का ते बघू, पावसाळा जाऊ दे. त्यांनी मान हलवली, अगदी आजींनी हलवली होती तशी, आणि वाकडा डोळा बोटाने सरळ केला.