आकाशातला अंगठा

परवा दुपारी पाठीमागचा पिवळा पडलेला पुठ्ठा बदलायचा म्हणून भिंतीवरची एक चौकट उतरवली आणि आतला लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेले चित्र, बाहेर काढला. त्याच्या आकाशात उजव्या कोपऱ्यात एक पुसट करडा ढग आहे, असे मी इतकी वर्षे समजत होते. भिंग लावले, तर त्या ढगात वळसे दिसले. तो ढग नव्हता. कुणाचा तरी अंगठा होता.

भिंग हाताशी ठेवणे ही माझी जुनी खोड आहे. कुणाकडेही गेले की मी भिंतीवरचे चित्र पाहत नाही, त्याचे दाणे पाहते. शिस्तीत ओळीने बसलेले ठिपके दिसले, की ती यंत्राने काढलेली नक्कल. तेलकट खडू खरखरीत दगडावरून जाताना जिथे उंचवटा मिळाला तिथेच टेकल्यासारखे, एकमेकांशी न जुळणारे दाणे दिसले, की मी नाक जवळजवळ काचेला लावते. यजमानांना हे आवडत नाही.

तेलकट बोटांशी माझे नाते त्याहून जुने आहे. शाळेत शाईच्या पेनाने लिहिताना वहीच्या पानावर एखाद्या ठिकाणी अक्षर उमटतच नसे. पेन कितीही घासले तरी पान शाई घ्यायला तयार नसे, कारण तिथे आधी माझे बोट टेकून गेलेले असे. ‘परीक्षा’मधला ‘री’ असा एकदा गायब झाला होता आणि बाईंनी त्याचा गुण कापला होता. तेल आणि पाणी यांचे पटत नाही, एवढेच त्यामागचे शास्त्र. आणि शिळाछापाची सगळी करामतही तेवढीच. दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, वरून डिंकाच्या पाण्यात किंचित आम्ल घालून केलेल्या मिश्रणाचा हात फिरवायचा, मग दगड स्पंजाने ओला ठेवून त्यावर शाईचा रूळ फिरवायचा. मोकळा दगड पाणी धरून ठेवतो आणि शाईला जवळ येऊ देत नाही. चित्र पाणी झटकते आणि शाई घेते. दगड कोरावा लागत नाही.

अलोइस झेनेफेल्डर या नाटककाराला आपली नाटके स्वस्तात छापायची होती, त्यातून हे सारे निघाले. १७९६ साली धुवायच्या कपड्यांची यादी लिहायला कागद सापडेना, म्हणून त्याने ती मेण, साबण आणि काजळी यांच्या शाईने जवळच्या घासलेल्या दगडावर लिहिली, ही त्याचीच हकीकत. त्या दिवशी त्याने आम्ल ओतून अक्षरे उठावाची करून पाहिली. उठावाशिवाय छापण्याची खरी युक्ती सापडायला १७९८ उजाडले. त्याची नाटके आज कुणी वाचत नाही. कपड्यांची यादी मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

या कामाला बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा चुनखडी दगड सर्वांत चांगला, कारण त्याचा कण अतिशय बारीक असतो. इतका बारीक, की १८६१ साली त्यात एका पिसाचा ठसा शिरांसकट सापडला. त्या प्राचीन पाखराला नाव मिळाले आर्किओप्टेरिक्स लिथोग्राफिका. जो दगड पीस विसरत नाही, तो अंगठा कसा विसरेल? म्हणून तर मुरलेले कारागीर रेखाटताना हाताखाली फळी घेतात. कोरड्या दगडाला उघडे बोट लागले, तर तेव्हा काहीच दिसत नाही. रूळ फिरला की ते काळेभोर होऊन वर येते.

मात्र माझ्या चित्रातला अंगठा दगडावर उमटला, की छापणाऱ्याच्या शाई लागलेल्या हाताने नंतर कागदावर, हा प्रश्न सुटत नाही. दगडावर चित्र उलटे काढावे लागते, कागदावर ते सुलटे येते. तसाच दगडावरचा अंगठा दोनदा उलटून मूळ अंगठ्यासारखाच दिसणार, आणि थेट कागदावर टेकलेला आरशातल्यासारखा. पडताळणी अगदी सोपी आहे. फक्त मूळ अंगठा हवा.

दुसरा मार्ग उरलेल्या प्रतींचा. खाली डाव्या बाजूला पेन्सिलीने १७/४० लिहिले आहे, म्हणजे चाळीस प्रतींतली सतरावी. दगडावरचा अंगठा असेल, तर तो चाळीसही आकाशांत असणार. दगडाला विचारायची सोय नाही. ठरलेल्या प्रती निघाल्या की वाळू आणि पाणी घालून तो घासतात आणि त्यावर दुसऱ्या कुणाचे चित्र चढते. घासण्यात हयगय झाली, तर जुने चित्र नव्याच्या आडून भुतासारखे डोकावते. तेव्हा एखाद्या अनोळखी चित्रात हाच अंगठा मला भेटण्याची अंधूक आशा आहे, आणि हल्ली मी परक्यांच्या घरी आकाशाचे कोपरे जरा जास्तच वेळ न्याहाळते.

नवा पुठ्ठा घालून चौकट परत टांगली आहे. चित्रात एक पूल आहे आणि पुलाखाली दोन नावा, हे सांगायचे राहूनच गेले.