वृक्षफेरी आणि पानांचे निळे ठसे: पंचवीस जणांसाठी पुण्यातली एक सकाळ

सोसायटीत किंवा प्रभागात निसर्गाचा काही कार्यक्रम करायचा ठरला की तारीख जवळजवळ आपोआप ५ जून, म्हणजे पर्यावरण दिन, पडते. पुण्यात याच्याइतकी गैरसोयीची तारीख नाही. वळवाचे ढग, चिकचिक, मधेच सर. फेरी छत्र्या सांभाळण्यात जाते आणि उन्हावर चालणारी कुठलीही कला त्या दिवशी बाद होते. त्यापेक्षा फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा रविवार धरा. आभाळ स्वच्छ, हवा कोरडी, साडेनऊनंतर खणखणीत ऊन. काटेसावर निष्पर्ण होऊन लाल फुलांनी भरलेली, पांगारा पेटलेला, महोगनीची लाकडी फळं उकलत असलेली, पिंपळाची पानगळ चालू. झाडं बघायला आणि त्यांच्या पानांचे ठसे घ्यायला एवढा सोयीचा महिना दुसरा नाही.

ठसे म्हणजे सायनोटाइप. कागदावर लोहक्षारांचं मिश्रण लावायचं, वर पान ठेवायचं, उन्हात धरायचं आणि पाण्यात धुवायचं. पानाखाली पांढरं राहतं, बाकी कागद गडद निळा होतो. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी, १८४३ पासून, ॲना ॲटकिन्स यांनी तिच्यातून समुद्री शेवाळांची चित्रं छापायला सुरुवात केली. इंजिनिअर मंडळींची जुनी ब्लूप्रिंट ती हीच. सोसायटीतल्या एखाद्या निवृत्त ड्राफ्ट्समनला बोलावलंत तर फेरीपेक्षा त्यांच्याच भोवती जास्त घोळका जमेल, ही शक्यता लक्षात ठेवा.

जागा निवडताना आधी नळ बघा, झाडं नंतर. वेताळ टेकडी फेरीला उत्तम आहे, पण तिथे ठसे धुवायला पाणी नाही आणि टेकडीचा काही भाग वनखात्याचा असल्याने पानंफांद्या गोळा करून आणणं योग्यही नाही. सोसायटीच्या आसपासच्या रस्त्यांवर आठशे मीटर ते एक किलोमीटर फेरी आणि परत येऊन पार्किंगमध्ये ठसे, ही रचना सर्वांत कमी त्रासाची. पार्किंगमध्ये सावली असते, नळ असतो आणि बाहेर पाऊल टाकलं की ऊन. महापालिकेच्या उद्यानात करायचं असेल तर उद्यान विभागाची लेखी परवानगी आधी घ्या आणि अर्जात ‘रसायन’ हा शब्द लपवू नका. नंतर उलगडा करत बसण्यापेक्षा आधी सांगणं सोपं.

फेरीत बारा झाडं पुरे. सात-साडेसातला जमून पावणेआठला निघालात तर दीड तासात बारा झाडं नीट बघून होतात. वीस ठेवली तर शेवटची आठ नुसती नावं ऐकून संपतात. बोलणाऱ्याने स्वतः उन्हाकडे तोंड करून उभं राहावं, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. नाव शेवटी सांगा. आधी साल, मग पानाची ठेवण, मग खाली काय पडलंय ते. नाव ऐकलं की माणसं बघायचं थांबवतात आणि फोनमध्ये टिपून घेऊन पुढे सरकतात. काटेसावरीखाली दहा मिनिटं तरी थांबा. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल सगळे त्या एका झाडावर हजेरी लावतात आणि खाली पडलेलं फूल हातात घेतलं तर पाकळ्यांचा मांसलपणा लगेच कळतो. महोगनीखाली एखादं पंखवालं बी उचलून डोक्याच्या उंचीवरून सोडून दाखवा. ते गिरक्या घेत उतरतं. पोरांना मग पुढे न्यायला जरा ओढावं लागतं.

एक गोष्ट मात्र आदल्या दिवशी तपासायचीच: आग्या मोहोळ. उंच झाडांवर आणि इमारतींच्या कडांखाली ती हमखास असतात. मोहोळ दिसलं तर त्या झाडाला वगळून मार्ग आखा, धूर करू नका, तीव्र अत्तरं लावून येऊ नका असं निरोपातच लिहा. झाडांना पाट्या लावायच्या असतील तर सुतळीने बांधा आणि कार्यक्रम संपला की सोडवून आणा. खिळा ठोकायचा नाही.

पानं फक्त खाली पडलेली उचलायची. हा नियम नीतीचा आहेच, पण ठशालाही तेच बरं. ताज्या पानाचा ओलावा कागदावर उतरून डाग पडतात आणि ते सपाट बसत नाही. पडलेलं, जरा सुकलेलं पण कुरकुरीत न झालेलं पान सर्वांत चांगलं. आयोजकांनी आदल्या दिवशी चाळीस-पन्नास पानं वर्तमानपत्रात घालून जाड पुस्तकांखाली दाबून ठेवावीत, कारण फेरीत सगळ्यांना मनासारखं पान मिळेलच असं नाही. कडुनिंबाच्या पर्णिकांची दातेरी कड सुंदर उमटते. आपट्याचं आणि कांचनाचं जोडपान ओळखायला सोपं, म्हणून मुलांना आवडतं. पिंपळाचं जाळी पडलेलं पान हा तर हुकमी एक्का: उरलेल्या शिरांमधून ऊन झिरपतं आणि शीर न् शीर कागदावर येते. उलट शेंगा, जाड देठ, आख्खं फूल टाळा. काच उचलली जाते आणि कडा धूसर होतात.

आता रसायनं. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून दोन पदार्थ आणायचे: हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड. पहिल्याचा तपकिरी प्रकारही मिळतो, तो कमी संवेदनशील असतो; हिरवंच मागा. दुसऱ्यात चूक जास्त होते. फेरीसायनाइडचे खडे लालसर-नारिंगी असतात. फेरोसायनाइडचे फिकट पिवळे. नावात एका अक्षराचा फरक, पण पिवळे खडे घेऊन आलात तर ठसे येणार नाहीत. ‘सायनाइड’ शब्दाने पालक दचकतात. यात सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेलं असतं आणि साध्या हाताळणीत ते सुटत नाही. मात्र तीव्र आम्लाशी, म्हणजे संडास धुण्याच्या ॲसिडशी, त्याचा संबंध येऊ द्यायचा नाही. धुण्याची जागा म्हणून बाथरूम निवडू नका, ते याचसाठी.

पंचवीस जणांना प्रत्येकी दोन ठसे, वर दहा कागद राखीव, म्हणजे ए-फाइव्ह आकाराचे साठ कागद. एका कागदाला साधारण दीड मिलिलिटर मिश्रण लागतं, म्हणून शंभर मिलिलिटर पुरतं. ५० मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये १२.५ ग्रॅम सायट्रेट, दुसऱ्या बाटलीत ५० मिलि पाण्यात ५ ग्रॅम फेरीसायनाइड. वजन करताना मास्क आणि हातमोजे घाला, स्वयंपाकाचा काटा आणि चमचे वापरू नका. दोन्ही द्रावणं वेगवेगळी ठेवली तर टिकतात, तरी सायट्रेटवर काही दिवसांत बुरशी येते. त्यामुळे शनिवारी सकाळीच करा. संध्याकाळी समप्रमाणात एकत्र करायचं. एकत्र केलं की त्याच दिवशी संपवायचं.

कागद २०० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम), सुती, वॉटरकलरचा. इथे कंजुषी केली की सगळं फसतं. झेरॉक्सचा कागद पाण्यात लोळागोळा होतो. काही चांगल्या कागदांतही टिकाऊपणासाठी चुन्यासारखा क्षार घातलेला असतो, त्यावर निळा रंग फिका पडतो. हातकागद छान दिसतो, पण खळ कमी असेल तर मिश्रण आत शोषलं जाऊन चट्टे येतात. म्हणून कुठलाही कागद आधी एक नग आणून करून बघा. कागदाच्या मागे झाडाचं नाव लिहायला जागा आखायची असेल तर पेन्सिलनेच आखा. शाई पाण्यात पसरते.

शनिवारी रात्री खिडक्या बंद करून, साध्या पिवळ्या बल्बच्या मंद उजेडात मिश्रण लावा. ब्रश रुंद, चपटा आणि शक्यतो पत्र्याची कड नसलेला. लोखंडाचा संपर्क आला की निळे ठिपके पडतात. एकदा आडवा, एकदा उभा हात, थारोळं न साचवता. पंख्याखाली तास-दीड तास वाळवा. वाळलेला कागद पिवळसर-हिरवा दिसला पाहिजे. रात्रीतच निळसर झाक आली असेल तर त्यावर उजेड किंवा दमट हवा लागली आहे आणि तो कागद वाया गेला. काळ्या जाड पिशवीत, पिशवी खोक्यात.

चौकटी तेरा करा. ए-फाइव्हहून थोडी मोठी प्लायची फळी, तेवढीच साधी तीन मिलिमीटर काच, कडा घासून घेतलेली, चार बाइंडर क्लिप. ॲक्रिलिक सुरक्षित वाटतं खरं, पण त्याचे काही प्रकार अतिनील किरण अडवतात, आणि ठसा तर त्याच किरणांनी येतो. काच उचलायचं काम मोठ्यांनीच करावं. तेरा चौकटींत चार फेऱ्यांत बावन्न ठसे होतात, एकेक फेरी वीस मिनिटांची. अर्धे लोक ठसे लावत असताना उरलेल्यांनी रिकामं बसू नये म्हणून मेणाचे खडू आणि पातळ कागद ठेवा: पान पालथं, शिरा वर, कागद त्यावर, खडू आडवा धरून एकाच दिशेने घासायचा. आभाळ भरून आलंच तर हाच कार्यक्रम पूर्ण वेळ चालवता येतो.

पोहे-चहा उरकून पावणेदहाला सुरुवात. पान कागदावर मांडणं सावलीतच. मांडवाचं पांढरं कापड ही सावली नव्हे, त्यातून ऊन गळतं. पार्किंगचा आतला कोपरा बरा. पहिल्या फेरीआधी एका कागदावर चाचणी घ्या: पुठ्ठ्याने झाकत झाकत चार, सहा, आठ, दहा मिनिटांचे पट्टे. फेब्रुवारीच्या स्वच्छ उन्हात दहाच्या सुमाराला आठ ते बारा मिनिटं लागतात, अकरानंतर थोडी कमी. घड्याळापेक्षा रंग बघा. उघडा भाग पिवळ्याचा हिरवा, मग निळा आणि शेवटी राखाडी, पितळेची जुनी भांडी दिसतात तसा मळकट होतो. तो मळकटपणा आला की उचलायचं. बहुतेक जण निळा दिसताच घाई करतात आणि धुताना सगळं वाहून जातं. त्यासाठी एक स्वयंसेवक फक्त वेळ बघायला ठेवा, त्याला दुसरं काही काम नको. चौकट मधेच हलवू नका, आणि पोरांनी वाकून बघताना तिच्यावर सावली पडते तेही बघा.

धुण्याला तीन प्लॅस्टिक टब, प्रत्येकी १५ लिटर. लोखंडी घमेलं नको. पहिल्या टबाचं पाणी दर फेरीला बदला, बाकीच्यांचं एकदा. सव्वाशे लिटर पाणी धरा. बोअरचं पाणी बहुधा जड असतं आणि त्याने निळा उडतो, तेव्हा पहिल्या टबात अर्धी वाटी व्हिनेगर घाला. पहिल्यात दोन मिनिटं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात पाच. पांढऱ्या भागातली पिवळी झाक पूर्ण गेली की झालं. ती राहिली तर उजेडात तिथे हळूहळू निळं चढतं. पांढरा भाग सुरुवातीपासूनच निळसर आला तर कागद आधी उजेडात गेला होता किंवा पान फार पातळ होतं. सगळंच फिकं आलं तर ऊन कमी पडलं. साबणाचा हात लावू नका, क्षाराने निळा मरतो. टबातलं पाणी तळ्यात, विहिरीत किंवा झाडाच्या आळ्यात न ओतता सांडपाण्याच्या मोरीत सोडा.

ठसे सुतळीवर चिमट्यांनी वाळत घाला, थेंब खालच्या ठशावर पडणार नाहीत असे. ओला ठसा जरा बेताचाच दिसतो आणि कुणीतरी हिरमुसतं. त्यांना सांगा की हवेने निळा चोवीस तासांत गडद होत जातो. त्यामुळे प्रदर्शन त्याच दिवशी न मांडता पुढच्या रविवारी, सोसायटीच्या हॉलमध्ये थेट ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावा. प्रत्येक ठशाखाली झाडाचं नाव, ते कुठल्या गल्लीत आहे ते आणि तारीख. कालांतराने एखादा ठसा उजेडाने फिका पडला तर टाकून देऊ नका. काही दिवस बंद कपाटात ठेवला की निळा बराचसा परत येतो.