खडकबाग दोन दिवसांत लागली, परवानगीला पाच महिने

आमच्या घरापुढचं पंधरा बाय बारा फुटांचं लॉन काढून मला खडकबाग करायची होती. इथे अमेरिकेत, डेन्व्हरला, बर्फ धरूनही वर्षाला जेमतेम १४-१५ इंच पाऊस होतो. महाबळेश्वरला एवढा पाऊस एका दिवसात पडलेला मी लहानपणी पाहिलाय. इथे लॉन जगवायचं म्हणजे उन्हाळाभर नळ सोडून बसायचं. डेन्व्हर बोटॅनिक गार्डन्समधली रॉक अल्पाइन गार्डन बघितली आणि मन ठरलं. डोंगरमाथ्यावरची बुटकी, उशीसारखी गच्च झाडं, कोरड्या वाऱ्यात मजेत वाढणारी.

अडलं ते सोसायटीच्या कमिटीत (इथे तिला एचओए म्हणतात). घराच्या दर्शनी भागात काहीही बदलायचं तर त्यांचा फॉर्म भरावा लागतो. मार्चमध्ये भरला. त्यात एक रकाना होता, 'झाडांनी झाकलेली जागा, टक्के'. मी प्रामाणिकपणे ३० लिहिलं, कारण लावताना झाडं मुठीएवढीच असतात. पाच आठवड्यांनी अर्ज परत आला: दगडाचं प्रमाण जास्त. फोन केला तर म्हणे, फोटोत नुसती खडी दिसते. अहो, ती खडीच या झाडांना जगवते! बुंध्याशी पाणी साचू देत नाही. ही झाडं थंडीने सहसा मरत नाहीत, हिवाळ्यातल्या ओलीने कुजतात. हे मी पत्रात लिहून दिलं. उत्तर नाही. मेमध्ये बैठक झाली, माझा विषय निघालाच नाही. जूनमध्ये कोरम नव्हता.

झाडं मात्र मी आधीच आणून ठेवली होती, ही माझी चूक. आठ कुंड्या डेकवर. मेच्या अखेरीस दोन दिवस गारा आणि पाऊस झाला. कुंड्यांतलं पीट (नर्सरीवाले मातीऐवजी भरतात तो कुजलेल्या शेवाळाचा भुसा) पाणी धरून बसलं. त्यातल्या अकँथोलिमॉन या डोंगरी झाडाची काटेरी उशी वरून हिरवी दिसत होती. बोटाने उचलली तर खालून तपकिरी, ओली, चहाच्या चोथ्यासारखी. तीन गेली. त्या दिवशी मला रडू आलं. म्हणून सांगते, लावताना मुळांचं पीट बादलीत पूर्ण धुऊन काढा आणि मुळं थेट वाळू-खडीत सोडा.

ज्या शहरात पाणीपुरवठा खात्याने १९८१ साली 'झेरिस्केप' हा शब्द घडवला, तिथे कमी पाण्याच्या बागेसाठी मी दारोदार का फिरावं? शेवटी कायदाच शोधला. कोलोरॅडोच्या २०२३ च्या सिनेट बिल १७८ प्रमाणे स्वतंत्र घरांसाठी कमी पाण्याच्या बागेचे निदान तीन तयार आराखडे एचओएने मंजूर करून ठेवायचे असतात. आमच्याकडे एकही नव्हता. कायद्याची प्रत जोडली. सोबत नकाशा काढला, त्यात प्रत्येक झाडाचा तिसऱ्या वर्षीचा घेर वर्तुळाने दाखवला. रकान्यात या वेळी ६५ लिहिलं, आणि तेही खरंच होतं. आठ दिवसांत मंजुरी आली. तुम्ही पहिल्याच अर्जाला हे सगळं जोडा, आणि पोच तारखेसकट घ्या.

ऑगस्ट संपता संपता लागवड झाली. दगड दोन-तृतीयांश पुरलेले, मधल्या फटींत झाडं. पहिला उन्हाळा-हिवाळा पाणी द्यावंच लागतं, काटक आहेत म्हणून सोडू नका. पेन्स्टेमन या फुलझाडाचं बी जानेवारीत कुंडीत पेरून बर्फाखाली बाहेर ठेवा, बऱ्याच जातींना उगवायला काही आठवडे ओली थंडी लागते. मांसल पानांचा डेलोस्पर्मा तर खुडून टोचला तरी धरतो.

यंदा जूनमध्ये उरलेल्या अकँथोलिमॉनवर गुलाबी तुरे आले. गुडघे टेकून मोजले, एकोणीस.

आणि हो, अर्जात खडीचा रंगही लिहा. त्या आठ दिवसांतही माझा दुसरा अर्ज त्यासाठी एकदा परत आला होता.