आमच्याकडे पोळी मिळत नाही

भाऊ मंगळवेढ्याला शेती करतो. काळी, ओल धरून ठेवणारी जमीन. सप्टेंबर-ऑक्टोबरात मालदांडी ज्वारी पेरायची, पुढं ती थंडीवर आणि जमिनीतल्या ओलीवर वाढते. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. घरी पेढे वाटले, पण आडत्याच्या पट्टीत काही फरक पडला नाही. मी पुण्यात नोकरीला होतो. म्हटलं, आपणच दळून पीठ विकू.

तीन महिन्यांत पुडे परत यायला लागले. सगळ्यांची तक्रार एकच: भाकरी चिरते. आईला फोन केला तर ती हसलीच. "अरे, पिठाची विरी गेली. महिन्यापूर्वी दळलेलं पीठ कसं थापलं जाईल?" ज्वारीत गव्हासारखा ताण नसतो. तिची भाकरी जुळून येते ती ताज्या पिठावर, आधणाच्या पाण्यावर आणि मळणाऱ्याच्या तळहातावर. म्हणजे पुड्यात भरून विकायची ही वस्तूच नव्हे. मग पीठ विकण्यापेक्षा भाकरीच विकू, असं ठरलं. चार टेबलं, दोन तवे, आणि थापायला आमच्याच गावाकडच्या एक मावशी.

गहू ठेवायचा नाही, हा हट्ट माझा. पहिले काही महिने रोज कुणी तरी विचारायचं, "मुलांसाठी एक तरी पोळी?" मुलांसाठी मग धपाटे सुरू केले, ज्वारीची धिरडी केली, ताकातल्या कण्या केल्या. उन्हाळ्यात आंबील. हुरडा मात्र थंडीतच. जुलैत मागणाऱ्यांना काय सांगणार, कणीस शेतात तर असायला हवं!

एकदा एका बाईंनी विचारलं, "मुलाला गहू अजिबात चालत नाही, तुमच्याकडे खरंच नसतो ना?" मी छातीठोक हो म्हणालो. त्यांनी शांतपणे हिंगाची डबी मागवली. तिच्यावर मैदा लिहिलेला होता. त्या दिवशी ते लोक न जेवता गेले. तेव्हापासून हिंग तांदळाच्या पिठातला आणतो आणि येणाऱ्या प्रत्येक डबीवरचं मी स्वतः वाचतो.

दुसरी चूक महागाची होती. गर्दी वाढली तसं भाकरीचं यंत्र घेतलं. भाकऱ्या गोल, अगदी एकसारख्या, आणि पापडासारख्या निपचित. वरून पाणी फिरवल्यावर जो पापुद्रा सुटतो तो सुटेना. मावशींनी एक तुकडा मोडला आणि काही न बोलता बाजूला ठेवला. त्या यंत्रावर आता पार्सलचे डबे रचलेले असतात.

मार्च २०२०. सगळं बंद, आणि भाडं चालू. इथं सोलापूरकडची कडक भाकरी धावून आली. पातळ थापून, भाजून, पार वाळवलेली. कोरडी ठेवली तर कित्येक दिवस टिकते. सोबत शेंगदाण्याची चटणी. सोसायट्यांच्या फाटकावर पिशव्या ठेवून यायचो. खरं सांगायचं तर ते दिवस आम्ही त्या एका भाकरीवर काढले.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष. त्या वर्षी लोक 'मिलेट बाउल' मागत आले. आम्ही पिठलं-भाकरी, ठेचा आणि कांदा दिला. काही परत आले नाहीत. बरेच आले.

मावशींच्या हातून तासाला तीस-पस्तीस भाकऱ्या होतात, त्यापुढं नाही. म्हणून रविवारी दारावर पाटी लावतो: भाकरीला वीस मिनिटं लागतील. गार भाकऱ्या रचून ठेवल्या तर रांग झटपट सरकेल, हे मलाही कळतं. पण मग लोक इथवर कशाला येतील?

दुसरी शाखा कधी, असं गिऱ्हाईकं विचारतात. मावशींची भाची सध्या शिकतेय. तिची भाकरी थापली जाते छान, पण परातीतून तव्यावर जाताना मोडते. त्या मोडलेल्या आम्ही दुपारी अडीचला, गर्दी ओसरल्यावर, दुधात कुस्करून खातो.