आमची वाटचाल: फ्लायबॅकपासून दोन गनपर्यंत

आमचा मूळ धंदा फॅब्रिकेशनचा. रॅक, ब्रॅकेट, पॅनलचे डबे बनवायचे आणि पावडर कोटिंगला, म्हणजे रंगाची कोरडी पावडर उडवून भट्टीत वितळवून पक्की करायला, बाहेर पाठवायचे. माल वेळेवर परत येईना, तेव्हा कोटिंग आपणच करायचं ठरलं. तयार मशीन झेपणारं नव्हतं. पण धाकटा भाऊ टीव्ही दुरुस्तीतला, विजेच्या उच्च दाबाची (व्होल्टेजची) भीती आणि समज दोन्ही असलेला. जुन्या टीव्हीत उच्च दाब तयार करणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर, तोही आत डायोड नसलेला, त्याने काढला, पुढे डायोड आणि कपॅसिटरची साखळी जोडून दाब वाढवला. डायोड कुठल्या दिशेने बसवायचे यावरून ध्रुव ठरतो; पावडर उडवणाऱ्या गनच्या टोकाची सुई आम्हाला ऋण हवी होती.

पावडर भट्टीत वितळेपर्यंत जॉबवर (कोटिंग करायच्या वस्तूवर) टिकते ती केवळ विद्युतभारामुळे. सुईच्या टोकाशी विद्युतक्षेत्र इतकं तीव्र होतं की तिथली हवा आयनित होते. सुटे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या रेणूंना चिकटतात आणि हे ऋण आयन पावडरच्या कणांवर जाऊन बसतात. याला कोरोना चार्जिंग म्हणतात. बाजारातल्या गन साधारण ३० ते १०० किलोव्होल्टवर चालतात, प्रवाह मात्र मायक्रोअँपमध्ये. आमचा सेट खालच्या टोकाला होता, तरी सपाट पत्र्यावर थर छान बसायचा.

हे वाचून कोणी लगेच कामाला लागू नये. बटण बंद केलं तरी कपॅसिटरमध्ये भार उरतो, आणि हवेत दाट उडालेली पावडर ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणून सुईच्या आधी शेकडो मेगाओहमचा रोध, पावडर ओढून नेणारा बूथ आणि गन धरणाऱ्या माणसाचंही अर्थिंग, या तीन गोष्टींशिवाय भावाने मशीन चालू करू दिलं नाही.

धंदा खरा सावरला तो अर्थिंगने. जॉबवर आलेल्या भाराला जमिनीत जायला वाट लागते. वाट नसेल तर भार जॉबवरच साठतो आणि मागून येणारी पावडर बाजूला ढकलली जाते. जॉब टांगायच्या हुकवर आदल्या खेपेची पावडर पक्की झालेली असते आणि ती उत्तम विद्युतरोधक. जॉबपासून अर्थपर्यंतचा रोध १ मेगाओहमच्या आत हवा. आमच्याकडे हुक जाळून, घासून साफ करायला एक माणूस कायमचा आहे आणि दर पाळीला मेगर (रोध मोजायचं यंत्र) लावला जातो. बाहेरून आलेल्या कारागिरांना आधी हा फुकटचा पगार वाटतो. पावडर किती वाया जात नाही ते दिसलं की बोलणं थांबतं.

डब्यांच्या आतल्या कोपऱ्यांनी मात्र बराच काळ छळलं. क्षेत्ररेषा कडांवर संपतात, आत पोचतच नाहीत. फॅरेडे केजचा परिणाम तो हाच. अशा वेळी किलोव्होल्ट वाढवण्याचा मोह होतो. कडा आणखी जाड होतात आणि कोपरा उघडाच राहतो. दाब आणि हवेचा जोर दोन्ही कमी केले की पावडर आत शिरते. थर फार जाड झाला की त्यातच भार कोंडतो, थरातली हवा फुटते आणि भट्टीतून बाहेर आल्यावर बारीक भोकं किंवा संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग दिसतो. दुसऱ्या हाताच्या कोटिंगला हे जास्त होतं, म्हणून ते काम आम्ही कमी दाबावरच करतो.

याच कोपऱ्यांसाठी पुढे ट्रायबो गन केली. तिच्यात उच्च दाब नाहीच. टेफ्लॉनच्या नळीतून घासत जाताना पावडरला धन भार मिळतो. बाहेरचं क्षेत्र नसल्याने खोबणीत ती सहज जाते. इपॉक्सी जातीची पावडर चांगली चालते. पॉलिस्टर मागवताना मात्र पुरवठादाराला ट्रायबोसाठीचीच हवी असं सांगावं लागतं, साधी नीट भार घेत नाही. कंप्रेसरची हवा ओलसर असली तर भार टिकत नाही, म्हणून एअर ड्रायरवर आम्ही हात आखडता घेतला नाही.

आता सपाट कामाला विकत घेतलेली कोरोना गन आणि डब्यांना आमची ट्रायबो, अशी विभागणी आहे. भावाचा जुना सेट काम करत असला तरी उत्पादनात वापरत नाही. सध्या लांब जॉबसाठी नवी भट्टी बांधतोय आणि तिच्या कन्व्हेयरच्या प्रत्येक हँगरला अर्थ कसा द्यायचा यावर आमचे वाद चालू आहेत.