तुम्ही विचारलंत म्हणून : त्या सापडतात तरी कुठे?

“इतक्या स्त्रिया वर्तमानपत्रे चालवत होत्या म्हणता, मग त्यांची नावे आमच्या कानांवर कधी आली कशी नाहीत? आणि तुम्हाला त्या सापडतात तरी कुठे?” स्त्री संपादकांच्या इतिहासावर मी काम करते हे कळले की पाठोपाठ हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा माळ्यावरची ट्रंक आणि दोऱ्याने बांधलेला पत्रांचा गठ्ठा असतो. खरे उत्तर त्यामानाने रुक्ष आहे. त्या बहुतेक वेळा पानाच्या तळाशी, सर्वांत बारीक टाइपात सापडतात. मुद्रक, प्रकाशक आणि पत्ता सांगणारी ती ओळ वाचक वाचत नाही, आणि अभ्यासकांनीही ती फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

त्या अभ्यासकांत मीही आले. ‘डेली कूरंट’ हे इंग्रजीतील पहिले दैनिक ११ मार्च १७०२ रोजी लंडनमध्ये निघाले. एकच कागद, दोन स्तंभ, मजकूर परदेशी वृत्तपत्रांतून घेतलेला, आणि तळाशी ‘ई. मॅलेट, फ्लीट ब्रिजजवळ, किंग्ज आर्म्स टॅव्हर्नच्या शेजारी’ अशा अर्थाची ओळ. त्याच अंकातील निवेदनात संपादक स्वतःचा उल्लेख ‘तो’ असा करतो आणि सांगतो, की तो फक्त घडलेल्या गोष्टी देईल, स्वतःचे तर्क लढवणार नाही, कारण विचार करण्याइतकी अक्कल इतरांनाही आहे. मी वहीत ‘संपादक : पुरुष’ अशी नोंद करून पुढे गेले. ही ‘ई.’ म्हणजे एलिझाबेथ, हे मला पुष्कळ उशिरा समजले. नाव डोळ्यांसमोर होते. निवेदनातल्या एका सर्वनामाने मला फसवले, आणि खरे सांगायचे तर मी फसायला तयारच होते.

आद्याक्षरांचा हा आडोसा पुढेही कामी आला. अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय शिक्षिका मेरी अ‍ॅन शॅड कॅनडात गेल्या आणि तेथे १८५३ साली त्यांनी ‘प्रोव्हिन्शियल फ्रीमन’ हे वृत्तपत्र सुरू केले. संपादक म्हणून नाव छापले सॅम्युअल रिंगगोल्ड वॉर्ड या प्रसिद्ध वक्त्याचे, काम बाईंचे. त्या ‘एम. ए. शॅड’ अशी सही करीत आणि वाचक त्यांना पुरुष समजत. १८५५ साली संपादकपद सोडताना मात्र त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांना उद्देशून उघडपणे लिहिले, की संपादनाचा गोठलेला बर्फ आम्ही तुमच्यासाठी फोडला आहे, तेव्हा ज्यांना इच्छा आणि कुवत आहे त्यांनी आता संपादनाला लागावे. या कामात माझ्या वाचनात आलेला हा सर्वांत सरळ निरोप.

सगळ्यांनाच असा आडोसा घेणे जमले नाही, किंवा त्यांनी तो घेतला नाही. जर्मन लेखिका लुईझे ओटो यांनी सॅक्सनी या जर्मन राज्यात १८४९ साली स्त्रियांसाठी ‘फ्राउएन-त्साइटुंग’ काढले, तेही स्वतःच्या नावाने. सरकारने लवकरच मुद्रणविषयक कायदा करून संपादकपद केवळ पुरुषांपुरते राखून ठेवले. या कायद्याला लोक ‘लेक्स ओटो’, म्हणजे ओटोचा कायदा, म्हणू लागले. एका बाईला थांबवण्यासाठी विधिमंडळाला कलम लिहावे लागले, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? ओटोबाईंनी शेजारच्या राज्यातील गेरा या गावातून अंक काढले, पण १८५२ साली पत्र बंद पडले.

आपल्याकडे मात्र ही तळाची ओळ अर्धीच साथ देते. १८६७ च्या कायद्यानुसार वृत्तपत्रावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक होते. संपादकाचे नाव छापण्याची सक्ती १९२२ च्या दुरुस्तीने आली. त्यापूर्वीची संपादिका शोधायची, तर समकालीनांच्या उल्लेखांवर आणि मृत्युलेखांवर भिस्त ठेवावी लागते, आणि तेथे ती ‘पत्नी’ म्हणून भेटते. तानुबाई बिर्जे यांचे हेच झाले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेले ‘दीनबंधु’ पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे आणि नंतर वासुदेवराव बिर्जे यांच्याकडे आले. वासुदेवराव गेल्यावर ते तानुबाईंनी चालवले. विसाव्या शतकाच्या आरंभी एका सत्यशोधक पत्राची संपादक स्त्री होती, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात ठळकपणे यायला हवी होती. आपण मात्र लिहितो : ‘पतीच्या पश्चात त्यांनी पत्र सांभाळले.’ मुलाने बापाचे पत्र चालवले की तो वारसा होतो. बायकोने चालवले की तिने सांभाळलेले असते, जसे ती घर सांभाळते, मुले सांभाळते. माझ्या मते विस्मरणाची सुरुवात अशा क्रियापदापासून होते.

“पण त्या स्त्रीवादी होत्या का?” हा पुढचा प्रश्न, आणि तो जरा अडचणीचा आहे. पॅरिसमध्ये १८९७ साली ‘ला फ्रोंद’ हे दैनिक काढणाऱ्या मार्गरीत द्युराँ निःसंशय स्त्रीवादी होत्या. बातमीदारांपासून खिळे जुळवणाऱ्यांपर्यंत सगळ्या स्त्रियाच घ्यायच्या, हे त्यांनी ठरवूनच केले. त्याच दशकात लंडनमध्ये रेचल बिअर ‘ऑब्झर्व्हर’ आणि ‘संडे टाइम्स’ या दोन्ही पत्रांच्या एकाच वेळी संपादक होत्या, आणि ड्रेफस या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आरोप ठेवल्याच्या प्रकरणात, बनावट कागदांबद्दल एस्टरहाझी या दुसऱ्या अधिकाऱ्याने दिलेली कबुली ‘ऑब्झर्व्हर’ने १८९८ साली छापली. ही पत्रे स्त्रियांसाठी नव्हती. चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांना बिअरबाई आपल्या वाटत नाहीत, आणि वृत्तपत्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्या पैशाच्या जोरावर खुर्चीत बसलेल्या मालकीणबाई वाटतात. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो, तसे त्यांचे झाले. माझ्या वहीत पूर्वी ‘स्त्रीवादी : होय/नाही’ असा एक रकाना होता. तो खोडून आता तेथे ‘कोणत्या नावाने छापली?’ असे लिहिले आहे, आणि नुसती आद्याक्षरे असलेल्या प्रत्येक संपादकापुढे, पुरुष ठरेपर्यंत, प्रश्नचिन्ह.