राणीची दुसरी गाठ

काकूंचं घरूनच ठरलं होतं. राणीला टेबलावर घेण्याआधीच त्या म्हणाल्या, "डॉक्टर, कॅन्सर परत आलाय. आता तिची चिरफाड नको. शेवटचं इंजेक्शन द्या, आजच द्या." त्यांचा मुलगा दाराशी उभा होता. तो खाली बघत राहिला.

राणी ही त्यांची अकरा वर्षांची कुत्री. वर्षभरापूर्वी तिच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दोन स्तनग्रंथी मी काढल्या होत्या. कुत्रीला बहुधा ग्रंथींच्या पाच जोड्या असतात आणि सर्वाधिक गाठी मागच्या दोन जोड्यांत होतात. तिचीही तिथेच होती. नवी गाठ मात्र मला पुढे सापडली, डाव्या बाजूच्याच दुसऱ्या ग्रंथीत. जेमतेम सेंटीमीटरभर, खूप टणक, पण बोटांखाली सहज सरकणारी. जुन्या टाक्यांची रेष मी दोनदा चाचपली. ती मऊ होती. जांघेत आणि काखेतही काही सुजलेलं नव्हतं. राणी टेबलावरून उडी मारायला बघत होती.

"परत आलाय" हे आम्ही रोज ऐकतो, पण त्यात तीन वेगळे आजार असू शकतात. एक, गाठ काढली तिथेच, मागे राहिलेल्या पेशींतून पुन्हा वाढलेली गाठ. दुसरा, फुफ्फुसात किंवा काखेतल्या-जांघेतल्या लसिका ग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) पसरलेला कॅन्सर. आणि तिसरा, शेजारच्या ग्रंथीत स्वतंत्रपणे सुरू झालेली, पहिलीशी संबंध नसलेली गाठ. हा तिसरा प्रकार खूप जणांना ठाऊकच नसतो. सगळ्या ग्रंथींनी वर्षानुवर्षं तीच संप्रेरकं झेललेली असतात, त्यामुळे एक ग्रंथी बिघडली तर उरलेल्याही बिघडू शकतात. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका बाजूच्या ग्रंथींच्या ओळीचा फक्त काही भाग काढलेल्या कुत्र्यांपैकी 58 टक्क्यांना त्याच बाजूच्या उरलेल्या ग्रंथींत नवी गाठ झाली होती. म्हणजे राणीच्या बाबतीत हीच शक्यता सगळ्यात मोठी होती, आणि काकू तर तिला कायमचं झोपवायला घेऊन आल्या होत्या.

मी जुनी फाइल काढली. पहिल्या गाठीचा बायोप्सी अहवाल त्यात होता: कर्करोगच, पण पहिल्या म्हणजे सगळ्यात कमी आक्रमक श्रेणीचा, काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, आणि ज्यांतून कर्करोग पसरतो त्या लसिकावाहिन्यांत त्याच्या पेशी नाहीत. हा कागद नसता तर त्या दिवशी माझ्याकडे अंदाजापलीकडे काही नसतं. "गाठ तर काढली, आता तपासून काय करायचं?" असं म्हणून लोक नमुना पाठवायला नकार देतात, तेव्हा मी अजूनही वाद घालतो. ती गाठ फेकून दिली की वर्षाने पडणाऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिच्याबरोबर जातं.

छातीचे एक्स-रे तीन बाजूंनी घेतले. कूस बदलून घ्यावेच लागतात, कारण खालच्या बाजूचं फुफ्फुस दबतं आणि त्यात लहान गाठ लपते. तिन्ही फोटो स्वच्छ होते. काही मिलिमीटरची गाठ एक्स-रेत दिसत नाही, हेही मी काकूंना सांगितलं. त्यांनी बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाल्या, "पण हाडासारखी लागते हो हाताला. वाईटच असणार ना?" त्यांच्या भीतीचं मूळ ते होतं. टणकपणावरून काही ठरत नाही, बायोप्सीच सांगेल, एवढंच मी म्हटलं. शेवटी मुलगा पुढे आला. "आई, इंजेक्शन कधीही देता येईल. आधी हे करू." शस्त्रक्रियेचा दिवस ठरला.

त्याच संध्याकाळी आणखी एक कुत्री आली. दुसरीकडे शस्त्रक्रिया झालेली, अहवाल तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात आक्रमक श्रेणीचा, लसिकावाहिन्यांत कर्करोगाच्या पेशी. टाक्यांच्या कडेने कातडीत बारीक, घट्ट गाठींची माळ उठली होती, त्वचा लाल आणि गरम होती, मागचा पाय सुजलेला. श्वास भरभर चालला होता आणि फोटोत दोन्ही फुफ्फुसांत गोल सावल्या होत्या. तिला घेऊन आलेला तरुण म्हणत होता, "कॅन्सर परत आलाय. पुन्हा ऑपरेशन करा, कितीही मोठं असू दे." मी नाही म्हटलं. त्या सुजलेल्या, पेशींनी भरलेल्या कातडीवर घातलेला टाका धरत नाही, आणि तिच्या उरलेल्या दिवसांतले बरेचसे जखमेच्या वेदनेतच गेले असते. वेदना आणि सूज कमी करणारी औषधं दिली, श्वास किती वाढला की लगेच यायचं ते लिहून दिलं. तो खूप रडला. मला तेव्हा सकाळच्या काकू आठवल्या. दोघांनी एकच वाक्य म्हटलं होतं आणि दोघं अगदी उलट मागणी घेऊन आले होते.

राणीची डावीकडची उरलेली ओळ काढली आणि त्याच भुलीत अंडाशय व गर्भाशयही. दोन गाठी असोत की दहा, प्रत्येक गाठ तपासायला जायलाच हवी, कारण एकीचा निकाल दुसरीला लागू होत नाही. इथे एकच होती. अहवाल आला: सौम्य मिश्र गाठ, म्हणजे कर्करोग नाही. कुत्र्यांच्या अशा गाठींत कूर्चा आणि कधी चक्क हाडाची ऊतीही तयार होते. काकूंच्या बोटांना लागलं होतं ते खरोखरच हाड होतं.

टाके काढायला आल्या तेव्हा काकूंना मी तपासायला शिकवलं. महिन्यातून एकदा राणीला पाठीवर निजवायचं, काखेपासून जांघेपर्यंत एकेक ग्रंथी दोन बोटांत धरून बघायची, काही लागलं तर वाढण्याची वाट न बघता यायचं. तीन सेंटीमीटरच्या आतल्या गाठीचा निकाल मोठ्या गाठीपेक्षा बराच चांगला असतो. उजवीकडच्या पाचही ग्रंथी अजून आहेत, त्यामुळे तिसरी गाठ होणारच नाही असं वचन मी त्यांना दिलेलं नाही.